धुतल्याशिवाय उठायचं नाही

तो आवाज पंचेचाळीस वर्षांत म्हाताऱ्याच्या कानातून गेला नव्हता. आवाज तरी कसला, एका बुटाचा. खडीवरून पाय ओढत नेल्याचा. खर्र... खर्र... दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटलं होतं, तीस-चाळीस मढी जागच्या जागी थांबून घाम टिपत होती, कुणी शेजाऱ्याकडे विडी मागत होतं. आणि एक पाय मात्र चालतच होता.

म्हातारा तेव्हा तरणाबांड होता आणि सिनेमात तोंडं रंगवत होता. मेलेली माणसं उठून गावात शिरतात असा तो सिनेमा. पुढे खूप गाजला. त्याला हे काम शिकवणाऱ्या वस्तादांचा एक नियम होता. ज्याला मढं म्हणून रंगवलं, त्याचं तोंड संध्याकाळी आपल्याच हाताने धुवायचं, मग त्याला घरच्या नावाने हाक मारायची. त्याने ओ दिली की मगच खुर्चीवरून उठू द्यायचं. का, असं विचारलं तर वस्ताद म्हणायचे, “तू रिकामं घर सताड उघडं टाकून जातोस का?”

त्या ‘कट’च्या आदल्या संध्याकाळी मढं म्हणून रंगवलेल्या एका शिंप्याची बस चुकत होती. म्हाताऱ्याने त्याला म्हटलं, जा, घरी जाऊन धू. तो घरी पोचलाच नाही. सकाळी तसाच रंगलेला हजर झाला, आणि ‘कट’नंतर चालत चालत भिंतीला जाऊन टेकला, तरी पाय ओढतच राहिला. धुऊन-पुसून त्याला घरी नेलं. त्याच्या बायकोने दारातूनच एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “हे आमचे नव्हेत.”

चेहरा त्याचाच होता. पण बाईने दार लावून घेतलं ते लावलंच. तेव्हापासून म्हाताऱ्याने एकही तोंड न धुता सोडलं नव्हतं.

आता तोच सिनेमा त्याची नात नव्याने करत होती. नव्या पोरांना मढी धावणारी लागतात म्हणे. म्हातारा म्हणाला, “मेल्यावरही घाईच करायची, तर मरून फायदा काय?” नात पोट धरून हसली. तिला हाताशी आजोबाच हवे होते. यंत्रावर काढलेल्या मढ्यांना जीव नसतो, असं ती म्हणायची, आणि आपण काय बोललो ते कळून पुन्हा हसायची.

चित्रीकरण एका बंद पडलेल्या काचेच्या कारखान्यात होतं. म्हाताऱ्याने जुन्या गोदामात आपलं दुकान मांडलं. आरसा, लाकडी खुर्ची, शेगडीवर पाण्याचं पातेलं, तेलाची बाटली, धुतलेल्या पंच्यांची चळत. पहिल्या दिवशी चाळीस तोंडं रंगवायला दुपार झाली. व्यवस्थापकाने डोक्याला हात लावला. मग त्याने आणि नातीने मिळून ठरवलं की रंग तीन दिवस तोंडावर तसाच ठेवायचा. माणसं इथेच झोपतील, सकाळी थोडा हात फिरवला की झालं.

म्हाताऱ्याने वाद घातला नाही. ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि पेटीला कडी घातली.

व्यवस्थापक म्हणाला की म्हातारबुवांचं डोकं फिरलंय, दुसरा माणूस बोलवू. नात समजावत राहिली, चिडली, शेवटी रडकुंडीला आली. आयुष्यातला पहिला सिनेमा होता तिचा. म्हाताऱ्याला ते दिसत होतं. पण तो पेटीवर बसून राहिला.

“दुसरा माणूस आणलास तरी मी दारात पातेलं घेऊन बसेन,” तो हळूच म्हणाला. “या दारातून रंगलेलं तोंड बाहेर जायचं असेल, तर आधी मला ओलांडून जाऊ दे.”

नातीने हात टेकले. रोज संध्याकाळी ओळ लागू लागली. माणसांना आधी गंमत वाटली, मग ते आवडू लागलं. मोठ्या माणसाचं तोंड एरवी कोण धुतं? म्हातारा तेल लावायचा, कोमट पंच्याने राखाडी रंग उतरवायचा, कानामागचाही. मग हाक मारायचा. बंब्या. आलो. ताईमाई. आले, आणि कडकडून भूक घेऊन आले. ढब्बूशेठ. अहो, सगळ्यांसमोर नका ना. ते काही नाही, ओ दे. बरं, आलो.

शेवटच्या दिवशी एक बाई तापाने पडली आणि तिच्या जागी नात स्वतः उभी राहिली. म्हाताऱ्याने तिला रंगवलं. एका दृश्यापुरतंच ना, असं त्याने तीनदा विचारलं.

पाच वाजता काम संपलं. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. एकोणचाळीस तोंडं धुऊन झाली, एकोणचाळीस ओ आल्या. म्हातारा पाणी बदलून वळला तर नात खुर्चीत येऊन बसलेली होती, डोळे मिटून, पार थकलेली.

“दमलीस गं,” तो म्हणाला आणि तेल घेतलं. कपाळ, गाल, हनुवटी. लहानपणी ताप आला की तिचं तोंड असंच पुसायचा, तसं त्याने सावकाश पुसलं. तो बोलत राहिला. सिनेमा चांगला होईल, तुझी आई खूश होईल. कातडी गार होती, पण गोदामच गार होतं. रंग सगळा उतरला. त्याने ओल्या बटा कानामागे सारल्या आणि हाक मारली.

“खारूताई.”

त्याने पंचा पिळला.

“खारूताई... ओ दे बाळ.”

तिने डोळे उघडले. आरशातून ती त्याच्याकडे बघत राहिली.

“खारू...”

“ओ!” मागून आवाज आला.

दारात नात उभी होती. तोंडावर राखाडी रंग, हातात कागदांचं बाड. वर जिन्यावर कॅमेरावाल्याने अडकवून ठेवलं होतं, असं ती सांगू लागली, आणि मधेच थांबली. तिची नजर खुर्चीवर गेली होती.

म्हाताऱ्याने तिचं मनगट पकडून तिला पाठीशी घेतलं. तो दारात आडवा उभा राहिला, ओला पंचा हातात घट्ट धरून.

“नाव सांग,” तो म्हणाला. “माझ्या खुर्चीवरून ओ दिल्याशिवाय कुणी उठत नाही. तूही नाही.”

खुर्चीतली उठली. त्याने स्वतःच्या हातांनी स्वच्छ केलेला तो चेहरा, रंगाचा ठिपकाही न उरलेला, सरळ त्याच्याकडे येऊ लागला. म्हातारा हलला नाही. “तिच्या घरी जायचं नाही,” तो म्हणाला. “ऐकतेस? जायचं नाही.”

तिने त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, घाईत असलेल्या पोरी म्हाताऱ्यांना बाजूला करतात तसा, आणि त्या गार हाताखाली त्याचा खांदा आपोआप वळला.

बाहेर फाटकाशी नातीची गाडी उभी होती. ड्रायव्हर तिला पाहून हसला, ताई आज लवकर सुटल्या म्हणाला, आणि त्याने दार उघडून धरलं. म्हातारा नातीचं मनगट घट्ट धरून दारातून बघत राहिला. उन्हात तिचा ओला चेहरा चमकत होता. ती आवार ओलांडून गाडीकडे निघून गेली, ओ न देताच.