तिखाडीचे तेल, रुईचे पान

अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेला, जिथे काळी जमीन संपून सातपुड्याची चढण सुरू होते, तिथला गवताचा रमणा नत्थुजींनी राखला. नत्थुजींचे जानराव, त्यांनी रमण्यातल्या ओढ्याकाठी पहिली भट्टी मांडली. जानरावांचे महादेवराव; त्यांनी त्या भट्टीचे तेल बऱ्हाणपुरापर्यंत पोचवले. आणि महादेवरावांचे चंद्रभान. माणूस अशा रीतीने ओळखावा, मुलींनो. आधी त्याच्या पाठीशी उभी असलेली माणसे पाहावी, मग खुशाल लाजावे.

भट्टी होती तिखाडी गवताची. तुरे लालसर व्हायच्या आत गवत कापायचे, हंड्यात कोंबून पाण्यासह उकळायचे, वेळूच्या नळीतून वाफ ओढ्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरवायची. पाण्यावर तेलाचा पिवळसर तवंग येतो. वास गुलाबाचा, आणि त्याच्या मागोमाग आल्याचा झणका.

त्या वर्षांत अमेरिकेत लढाई पेटली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला कोणी स्वप्नातही न पाहिलेला भाव आला होता. लोकांनी गुरांची कुरणे नांगरली, बांध नांगरले. चंद्रभानांनी मात्र रमण्यात नांगर शिरू दिला नाही. लोक त्यांना वेडे म्हणत. वेडे नव्हते, हट्टी होते.

पौषातल्या दर रविवारी पूर्णेकाठी ऋणमोचनची जत्रा भरते. त्या जत्रेच्या धुरळ्यात, भज्यांच्या आणि बैलांच्या वासात, एका तरुण बाईच्या नाकाशी अवचित गुलाब दरवळला… आणि चंद्रभानांच्या तेलाच्या बुधल्यांपाशी तिची पावले थबकली.

"गुलाब इकता का हो?"

"गवत इकतो, बाई."

"गवताले असा वास?"

"वास फुकट हाये. पैशे तेलाचे."

तिला हसू आले. ते तिने पदराच्या टोकात लपवले, पण चंद्रभानांच्या नजरेतून काही सुटले नाही. ना हसू, ना कोरे कपाळ.

तिचे नाव मनकर्णा, राहणारी भातकुलीची. पटकीच्या साथीत तिचा नवरा गेला आणि ती स्वतःही जाणार हे सगळ्यांनी धरून चालले होते. गाव ओस पडले, गाडी जुंपायला कोणी मिळेना. तेव्हा तिच्या सासूने, पार्बताबाईंनी, पोटच्या मुलाची चिता विझली नाही तोच सुनेला पाठीवर घेऊन शेतातल्या खोपीत नेले आणि पेज पाजून जगवले. आता त्याच पार्बताबाईंचे गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. त्यांना उठता येत नव्हते. मनकर्णेने मनाशी खूणगाठ बांधली होती: सासूबाई बसून आहेत तोवर हे घर सोडायचे नाही. माहेरी तिच्या पाटाचा, म्हणजे पुनर्विवाहाचा, विषय निघे. ती उठून जाई.

"सुजल्या गुडघ्याले चालते का हे?" तिने बुधल्याकडे बोट करत विचारले.

"चालते. पन… ऐका! तिळाच्या तेलात थेंब थेंब मिसळून. नुसतं लावसान तं कातडी जाळीन."

पण घरी पार्बताबाईंचे राज्य होते. "मिसळाचं? मिसळलं म्हनजे भेसळ!" त्या दिवसांत व्यापारी कापसात सरकी आणि पाणी घालत, आणि सारा वऱ्हाड त्या धास्तीने ग्रासला होता. "अस्सल आनलं तं अस्सलच लाव!"

मनकर्णेने लावले. सकाळी दोन्ही गुडघ्यांवर फोड!

पुढच्या रविवारी ती तरातरा जत्रेत आली. "तुमच्या तेलानं आत्याबाईचे गुडघे पोळले!"

"मिसळलं होतं?"

तिने मान खाली घातली. "नाई…"

"काहून?"

"त्याईले अस्सल पाह्यजे होतं."

चंद्रभान हसले नाहीत. त्यांनी बुधल्यांवर घोंगडी टाकली, शेजारच्या भांडेवाल्याला लक्ष ठेवायला सांगितले आणि भर जत्रेतून उठले. "चला. पाह्यतो."

हे लक्षात ठेवा. चूक तुमची असताना जो तुम्हाला टोमणा मारत नाही, तो साधा माणूस नव्हे.

आधी त्यांनी फोडांवर नुसते लोणी लावायला सांगितले. कातडी पूर्ववत झाल्यावर पुन्हा येऊन वाटीभर तिळाच्या तेलात तिखाडीचे मोजके थेंब टाकले. पार्बताबाईंनी डोळे वटारले.

"तू वैद हायेस का तेली, रे?"

"दोनी नाई, माय. गवतवाला."

"सारा मुलुख कापूस पेरून राह्यला, अन् तू गवत राखतं?"

"कापसाचं लुगडं होते, माय. गुडघ्यातली आग कापसानं निंगत नाई."

"लय बोलतं हा पोट्टा!" त्या म्हणाल्या, पण गुडघा पुढे केला.

मग रोजचा नेम ठरला. सकाळ-संध्याकाळ मनकर्णा हलक्या हाताने तेल चोळी, परसातल्या रुईचे पान तव्यावर शेकून त्यावर बांधी. आधी गुडघ्यातली धग गेली, मग ताठरपणा, मग हळूहळू सूज ओसरू लागली. घरभर गुलाबाचा वास राही… आणि चंद्रभान अकोल्याच्या पेठेत तेल पोचवायला निघाले की वाटेत हटकून भातकुलीला थांबत.

"अंजनगावाहून अकोल्याले जाचा रस्ता भातकुलीवरून कवापासून जाते?" मनकर्णेने एकदा विचारलेच.

"बैल नवे हायेत. चुकतेत."

"दर खेपी?"

"लय ढ हायेत, बाप्पा!"

ती हसली, या वेळी पदर न लावता.

फाल्गुन आला. पार्बताबाईंच्या गुडघ्याच्या वाट्या पुन्हा दिसू लागल्या. पण त्या काही उठेनात. "अजून जीव नाई पायात," म्हणत आणि भिंतीकडे पाहत.

एका दुपारी मनकर्णा परसात रुईची पाने खुडत होती. चंद्रभान कुंपणापाशी उभे होते. त्यांनी वाकून एक पान खुडले आणि तिच्यापुढे धरले. मग—

"या रुईसंगं मले लगन लावा लागते असं दिसून राह्यलं."

तिच्या हातातले पान गळून पडले. हा आमच्या कुणब्यांतला रिवाज आहे: विधवेशी पाट लावणारा पुरुष स्वतः कुंवारा असेल, तर त्याचे पहिले लग्न रुईच्या झाडाशी लावतात. त्यामुळे ते काय विचारत होते, हे तिला वेगळे सांगावे लागले नाही. गालांवर ऊन चढले.

"बिचारी रुई… लगेच सवत आनसान तिच्यावर?"

"तिची ना नाई. तुमची?"

मनकर्णा झाडाकडे पाहत राहिली. पानांतून पांढरा चीक तिच्या बोटांवर उतरला होता. "आत्याबाईनं मले पाठीवर घेऊन जगवलं. त्याईले बसेल सोडून मी कशी येऊ? हे देनं फिटल्याबिगर मले सुख लागनार नाई."

"मंग मी थांबतो."

"कवापर्यंत?"

"नत्थुजीपासून आमी गवत राखून राह्यलो. थांबनं येते आमाले."

तेवढ्यात परसाचे दार करकरले. दारात पार्बताबाई उभ्या होत्या… उभ्या! एक हात चौकटीवर, डोळे भरलेले, आवाज मात्र तोच.

"पंधरवडा झाला मले उभं राह्यता येते. रातचं भिंत धरून चालून पाह्यलं म्या."

"मंग… आत्याबाई, सांगतलं काहून नाई?"

"उठली तं तू जाशीन म्हनून!" म्हातारीने चौकट घट्ट धरली. "लेक गेला. तू बी गेली तं या घरात बोलाव कोनासंगं?" मग त्यांनी चंद्रभानांकडे बोट केले. "अन् तू रे, गवतवाल्या! मायी सून रुईच्या पाठोपाठ नेशीन, पन सांभाळशीन रुईपक्षा जास्त. समजलं?"

"हो, माय."

रिवाजाप्रमाणे अंजनगावी आधी रुईचे लग्न लागले. पाटाची बाई गावातून अंधारात निघते. तिचे दर्शन अशुभ मानतात. पार्बताबाईंनी ते साफ धुडकावले. "मायी सून चोरावानी नाई जानार!" सकाळच्या उन्हात त्यांनी मनकर्णेचा हात धरला आणि उभ्या गावातून, ओट्याओट्यांवरच्या रोखलेल्या नजरांमधून, तिला चालवत नेले. चंद्रभानांची गाडी मागून येत होती. पार्बताबाई तीत बसल्या नाहीत.

शिवेवर त्यांनी हात सोडला.

"म्या तुले खोपीपर्यंत नेलं होतं. तू मले शिवेपर्यंत आनलं. मनकर्णे, फिटलं सारं. जाय आता."

मनकर्णेने पाया पडून डोळे पुसले आणि गाडीत पाय ठेवला. गाडी हलली तेव्हा तिने वळून पाहिले. पार्बताबाई काठीशिवाय, सावकाश, ताठ मानेने गावाकडे चालत निघाल्या होत्या.