निसटते हातमोजे

"थांब! आता तिसरा जोड घाल!" अनुसया विहिरीच्या काठावरून ओरडली.

प्रभंजनने नवे हातमोजे चढवले आणि दोर धरला. लोकरीच्या मोज्यांतून बादली धाडकन खाली गेली होती. गुळगुळीत चामड्याच्या मोज्यांतूनही दोर सरसर निसटला होता. या खरखरीत तळव्याच्या चामड्यात मात्र दोर जागचा हलेना!

"हेच घ्या काका, हेच!" नऊ वर्षांची राधा नाचायला लागली.

तिघं मे महिन्याच्या सुट्टीला मळमड्डीत काकांकडे आली होती. विठ्ठलकाका गुरांचे डॉक्टर. पाखरी नावाच्या घोडीवर बसून गावोगाव जायचे. गेल्या पंधरा दिवसांत दोनदा त्यांच्या हातून लगाम सुटला आणि पाखरी उधळली. मग काय, 'घोडी बिघडली' असं ठरवून काका मोकळे! तिला पुंडलिक टांगेवाल्याला द्यायचं ठरलंही होतं. 'दोष हातमोज्यांचा असेल' म्हणत मुलांनी रडून रडून एक शेवटची संधी मागून घेतली, म्हणून तर हुबळीहून हे तीन जोड पसंतीला आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ऐटीत निघाले, आणि तासाभरात ओलेचिंब होऊन परतले. एका बैलगाडीला पाखरी बुजली, लगाम हातातून सटकला, आणि ती काकांना घेऊन थेट केलगेरीच्या तळ्यात!

"उद्या सकाळी पुंडलिकला बोलावतो!" काका गरजले. "आता एक शब्द नको!"

राधाने हुंदका दिला. अनुसयाच्या मात्र डोक्यात गोंधळ माजला होता. काल दोर हलत नव्हता, मग आज लगाम कसा सुटला? एका रात्रीत मोजे बदलतात का?

"अक्का, पुन्हा विहिरीवर जाऊ या," प्रभंजन म्हणाला.

तेच मोजे घालून त्याने दोर ओढला. धप्प! बादली थेट पाण्यात!

"अगं, काल तर..."

"गप्प. वास घे," अनुसया म्हणाली. "एरंडेल!"

काकांना हा वास आला नव्हता, कारण त्यांचं नाक तपकिरीने कायमचं बंद. चामडं मऊ लागलं, म्हणून उलट खूशच झाले होते! पण तेल लावतं कोण? आणि कशाला? पाखरीशी कुणाचं वैर?

संध्याकाळी तिघं तबेल्यातल्या कडब्याआड लपली. दिवेलागणीला पाखरीची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार फकीरप्पा आला. त्याने खुंटीवरचे मोजे काढले, तेलाची वाटी घेतली आणि मन लावून चोळायला लागला.

"चोर!" राधा किंचाळली. वाटी फकीरप्पाच्या पायावर उपडी झाली.

"यप्पा! चोर यार्री?" तो बिचारा भांबावला. "अव्वार हेळ्यार्री! पंधरा दिवस झाले, रोज लावतो!"

"काकूंनी सांगितलं?" आता तिघंही भांबावली.

वेणूकाकूंना बोलावलं. त्या कपाळाला हात लावून उभ्या. "अरे, मी म्हटलं होतं, कैचीलक्क एण्णी हच्चप्पा! कैचीलला तेल लाव बाबा! माझी ती हातातली चामड्याची पिशवी तडकायला लागली होती!"

"मग कैचील म्हणजे हेच की हो!" फकीरप्पाने मोजे उंचावले.

प्रभंजन आधी काकूंकडे पाहत राहिला, मग फकीरप्पाकडे, आणि मग पोट धरून हसत सुटला. कन्नडात हातपिशवीही कैचील आणि हातमोजाही कैचील! काकू पिशवीचं बोलल्या, म्हाताऱ्याने मोज्यांना न्हाऊ घातलं, आणि शिक्षा मात्र मुक्या पाखरीला!

काकूंनी स्वतः बसून डाळीच्या पिठाने मोज्यांचं तेल टिपलं. तीनदा, चारदा.

सकाळी पुंडलिक दारात हजर होता. "थोडं थांब," काका त्याला म्हणाले आणि पाखरीवर बसले. समोरून एक बैलगाडी खडखडत आली. पाखरी दचकली, पुढचे पाय उचलले... मुलांनी डोळेच मिटले! पण लगाम हातात घट्ट होता. दोन पावलं नाचून पाखरी शांत झाली.

काका खाली उतरले. "पुंडलिक, तू जा बाबा. घोडी द्यायची नाही."

मग मुलांकडे वळून म्हणाले, "शाबास! मी जनावरांचा डॉक्टर, पण दुखणं तुम्ही ओळखलंत."

"ते राहू दे, काका," अनुसया म्हणाली. "तिला काहीतरी सांगा ना!"

काकांनी हातमोजे काढले. पाखरीच्या कपाळावर उघडा हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलं माझं, पोरी."