तानूबाईंचा हात

लाइट येईल तेव्हा येईल, बसा इथंच गच्चीवर. मेणबत्ती राहू दे, अभिराज, आणि मध्येच हसायचं नाही. बंगळुरूला जायच्या आधी आपल्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा, त्या संग्रामची ही गोष्ट. निपाणीचा पोरगा. थापा मारणाऱ्यांतला नव्हे.

बंगळुरूत एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत होता तो. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र करायचे तिथं. इस्पितळातली कडी, नळ, खाटेचा दांडा कापसानं पुसायचा, कापूस यंत्रात घालायचा, की जंतू किती ते आकड्यात दिसायचं. गेल्या वर्षीची आयुधपूजेची रात्र. ऑफिसातली सगळी यंत्रं हळदकुंकू लावून, फुलं वाहून ठेवलेली. पूजेतली वस्तू त्या रात्री उचलायची नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण राजाजीनगरच्या एका इस्पितळाला तातडीनं तपासणी हवी होती, आणि बाकीचे सगळे सणाला घरी गेलेले. राहिला कोण, तर संग्राम. त्यानं फूल बाजूला ठेवलं आणि यंत्र पिशवीत घातलं.

रस्त्यावर दृष्ट काढून फोडलेले कोहळे, कुंकवानं लाल झालेले. घराघरांत दिवे, माणसं. दोन दिवसांत त्याच्याशी मराठीत सोडाच, कुठल्याच भाषेत कुणी धड बोललं नव्हतं. फार एकटं वाटत होतं बिचाऱ्याला.

इस्पितळात तिसऱ्या मजल्याच्या टोकाला संसर्ग झालेल्यांची वेगळी खोली. आत खाटेवर एक म्हातारी.

"बाळ, निपाणीकडचा काय रे तू?"

मराठी ऐकून त्याला भरून आलं. आपण अजून तोंडही उघडलेलं नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"मी तानूबाई. सगळं पुसून बघतोस, माझा हात बी बघ की."

त्यानं तिचा तळहात पुसला, कापूस यंत्रात घातला. आकडा यायला थोडा वेळ लागतो.

"आता हातमोजा काढ आणि जरा हात धर. महिना झाला... उघड्या हातानं कुणी शिवलं नाही मला."

नियम कडक. मोजा काढला तर नोकरी जायची, रोग लागायचा तो वेगळाच. संग्रामनं दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं. त्यानं उजवा मोजा काढला आणि तिचा हात धरला.

गार होता. पण त्यालाही बरं वाटलं.

यंत्र वाजलं.

शून्य.

जिवंत माणसाचा हात कितीही धुवा, शून्य येत नाही. यंत्र बिघडलं असेल... हात सोडून त्यानं दाराची कडी पुसली. थांबला. आकडा आला. भरपूर.

मागं वळला.

खाट रिकामी. गादी गुंडाळलेली.

"तानूबाई...?"

...

दारात नर्स धनलक्ष्मी. "इल्ली यारू इल्ला, अण्णा. इथं कोणी नाही. ती आजी गेली... आठ दिवस झाले."

संग्रामनं डावा मोजाही काढला. त्यानं आपला डावा तळहात पुसला. आकडा आला. मग उजवा.

शून्य.

यंदा येऊन गेला तो माझ्याकडं, यंत्र घेऊन. याच गच्चीवर, माझ्या डोळ्यांदेखत त्यानं कुंडीतली ओली माती उजव्या हातानं कालवली. नखांत माती होती. कापसानं तळहात पुसला, यंत्रात घातला...

शून्य.