हिरवी फियाट आणि 'फुस्स'!

"चल, चल, चल गं बाई!" वृषाली हात जोडून पुटपुटत होती. पण बाई कसली ऐकते! सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपाशी हिरवी फियाट खोकली, थरथरली आणि ठप्प झाली.

"पाचव्यांदा!" वृषालीने वहीत नोंद केली.

लोटूआजोबांची ही गाडी अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. वृषालीच्या पप्पांनी जन्मात पहिल्यांदाच पाना हातात धरला आणि ती दुरुस्त करायला घेतली. पप्पा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापडाचे रंग जुळवणारे कलर मास्टर. यंत्राचं ज्ञान बेताचंच, पण रंग? एक स्क्रू कोरा सोडला असेल तर शपथ!

मेकॅनिक मगनकाका कानाला फोन लावूनच बॉनेटमध्ये डोकावले आणि पप्पांना म्हणाले, "एन्जिन गयुं, वाल्मिकभाई! रविवारे भंगारमां लई जईश."

पप्पांनी मान खाली घातली. आजोबा नुसते टपावरून हात फिरवत राहिले. याच गाडीतून ते घरादाराला हजीऱ्याकडे समुद्रावर न्यायचे. उषाआजीला घेऊन एकदा तरी पुन्हा जायचं, हे त्यांनी कधीपासून मनाशी धरलं होतं.

"मगनकाकांनी धड बघितलंसुद्धा नाही!" काका गेल्यावर शेजारची प्रज्ञा चिडली. "आपणच बघू!"

"तू? तुला सायकलची चेन बसवता येत नाही!" वृषालीचा धाकटा भाऊ सुशांत खिदळला.

"भांडू नका रे! पप्पा मिलमध्ये प्रत्येक नमुना लिहून ठेवतात ना, तसं मीही लिहिलंय. पाचही वेळा गाडी दहा मिनिटांत बंद पडली. दोनदा अर्धा तास हलेना. पण तीनदा लगेच सुरू झाली. असं का?"

"तीनदा मी टाकीत काठी घालून पेट्रोल बघितलं होतं," सुशांत म्हणाला. "दोनदा मगनकाकांनी मला हाकललं. झाकण उघडलं की काय मस्त फुस्स होतं!"

"फुस्स? अरे शहाण्या, आधी का नाही बोललास?"

"विचारलं कुणी?"

डोकं खाजवत तिघं घरात शिरली. आजी तेलाचा नवा डबा फोडत होती. एक भोक पाडून झालं, तरी तिने दुसऱ्यासाठी खिळा ठेवला.

"दोन कशाला गं आजी?"

"मझार हवा नही गई, ते तेल भाईर कसं येई, पोरी?"

वृषाली ताडकन उठली. "हवा आत गेली नाही तर तेल बाहेर येत नाही. मग पेट्रोल तरी कसं येईल? झाकण उघडलं की हवा फुस्स करून आत शिरते, म्हणूनच गाडी लगेच सुरू होते! चला खाली!"

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर रंगाचे तीन थर चकाकत होते. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा खळगा दिसला. हवेचं भोक पार बुजून गेलं होतं!

"पप्पांच्या रंगाला ओरखडा? फाडून खातील!" सुशांत घाबरला.

"खाऊ देत!" म्हणत वृषालीने आजीची सुई चालवली.

रविवारी मगनकाका दोरी घेऊन हजर!

"काका, एकच फेरी!" वृषाली आडवी आली. "बंद पडली तर गाडी न्या. नाही पडली तर पुन्हा भंगाराचं नाव काढायचं नाही!"

"चालो!" काका हसले.

पप्पांनी किल्ली फिरवली. दहा मिनिटं झाली. पाण्याची टाकी मागे पडली. पंधरा झाली! वीस झाली तरी फियाट आपली गुरगुरत फिरतेच आहे! मगनकाकांनी फोन चक्क खिशात घातला.

"पोरी, काय जादू केलीस?" पप्पा उतरले. वृषालीने झाकण पुढे केलं. पप्पांनी तो ओरखडा पाहिला, कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसत सुटले. "अरे देवा! म्हणजे भोक मीच बुजवलं! शाब्बास गं माझ्या बाई!"

"मारी भूल थई, बेटा," मगनकाका म्हणाले. "मी आधी बघायला पाहिजे होतं."

आजोबांचे डोळे भरून आले. "वाल्मिक, तू कसाना मास्टर! खरी मास्टर ते हाई पोर से!"

त्याच दुपारी सगळे समुद्रावर निघाले. पुढे पप्पांशेजारी आजोबा, मागे तिन्ही पोरं, आजी आणि शेवेचा डबा. वाटेत एकदाही फुस्स झालं नाही.

आता दर रविवारी पप्पा गाडी पुसतात. झाकणावरच्या त्या कोऱ्या ठिपक्यापाशी त्यांचा हात जरा शिवशिवतो. पण ब्रश मात्र ते हातात घेत नाहीत.