कमरेएवढं पाणी

“डोळे उघडा मावशी, काटा काही चावत नाही,” नूरोआ म्हणाली.

मी एक डोळा उघडला. एकशे चार! मुरी गावच्या दवाखान्यातली ही नर्स माझ्या लेकीच्या वयाची, पण वजन लिहून घेताना तिचा चेहरा अगदी हेडमास्तरीणबाईंसारखा व्हायचा.

“एकोणसाठाव्या वर्षी हे गुडघे एवढा भार किती दिवस वाहणार?”

“अगं, तीस वर्षांपूर्वी खात होते तेवढंच खाते मी...”

“पण शरीर तीस वर्षांपूर्वीचं आहे का?”

मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. मी वळून पाहिलं. उंच, वाळलेला माणूस. सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता. मातायो. आयुष्यभर मालवाहू बोटींवर इंजिनं सांभाळलेला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हा आलेल्या-गेलेल्यांचं जेवण मीच रांधलं होतं. गावातलं कुठलंही कार्य माझ्या हातच्या जेवणाशिवाय होत नाही. पण त्याच्याशी बोलणं असं कधी झालंच नव्हतं.

“हसता काय? या, चढा तुम्ही!”

तो चढला. अठ्ठावन्न. नूरोआनं कपाळाला हात लावला. “काका, आणखी तीन किलो गेले! काल काय जेवलात?”

“बिस्किटं... चहा.” मग माझ्याकडे पाहत हळूच, “या बाईंकडून दहा-वीस किलो उसने मिळतील का?”

“उसने कशाला, कायमचे न्या!”

नूरोआनं आम्हा दोघांनाही समोर बसवलं. वय वाढलं की स्नायू झिजत जातात, म्हणाली. “मावशी, उपास करून वजन उतरवाल तर अंगातली ताकदही जाईल. आणि काका, नुसतं गोडधोड खाऊन वाढवाल तर पोट सुटेल, पाय मात्र लटपटतच राहतील. दोघांनीही मासे, अंडी, भाजी खा. आणि रोज कमरेएवढ्या पाण्यात चाला.”

बाहेर पडताना तो म्हणाला, “एकच औषध आहे, तर एकाच वेळी घेऊ. उद्या सहाला?”

मी हो म्हटलं नाही. पण सहाला किनाऱ्यावर गेले.

समोरच्या छोट्या बेटांवर अजून झोप होती. प्रवाळांच्या बांधाआतलं पाणी निवांत, कोमट. जमिनीवर दहा पावलांत कुरकुरणारे माझे गुडघे पाण्यात गप्प झाले. तो दोन पावलं पुढे... मग मुद्दाम हळू, माझ्या बरोबरीनं.

“बाई, तुम्ही पाण्यात नाचल्यासारख्या चालता.”

“आणि तुम्ही बगळ्यासारखे.”

“बगळा निदान मासे तरी पकडतो. मला साधा तळताही येत नाही.”

मग मी त्याला शिकवायला लागले. त्याच्या मळ्यात अळू माजलं होतं. त्याचा पाला नारळाच्या दुधात शिजवायचा, दूध मात्र पूर्वीच्या निम्मं. मासा लिंबात किती वेळ मुरवायचा. अंडी कधी उतरवायची. इंजिन उघडताना हत्यारं ठेवत असेल तशी तो चमचे, सुऱ्या, वाट्या ओळीनं मांडून ठेवायचा. मला हसू यायचं, आणि हसता हसता कुठेतरी... मी घाम पुसल्यासारखा तोंडावरून हात फिरवायचे.

एकदा पाण्यातच पावसानं गाठलं. थेंब पडून सगळं पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं. आम्ही तसेच उभे राहिलो.

“नाताळात मुलगा येतोय ऑकलंडहून,” तो अचानक म्हणाला. “माझी तब्येत सुधारली नाही, तर घेऊनच जाणार म्हणतो.”

“मग... खा की नीट!” माझा आवाज उगाच चढला.

“खातोय ना. तुमच्यासमोर बसलं की दोन घास जास्त जातात.”

त्या दिवसापासून मी येडपटपणा सुरू केला. वजन महिन्याला जेमतेम किलोनं उतरत होतं, आणि मला घाई झाली होती. त्याला वाढायचं आणि म्हणायचं, “मी घरून जेवून आले.” माझ्या एकटीच्या घरी जाऊन फक्त शहाळं प्यायचं. काटा भराभर खाली आला. कमरेत फ्रॉक सैल झाला. कुणी “काय मावशी, बारीक झालात!” म्हणालं की दिवसभर तरंगल्यासारखं वाटायचं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी खरंच तरंगले. पाण्यात डोळ्यांपुढे अंधार आला, पाय सुटले. शुद्ध आली तेव्हा मी वाळूत होते, आणि मातायो धापा टाकत माझं डोकं धरून बसला होता. त्या काटकुळ्या हातांनी मला ओढून आणलं होतं.

“काल काय जेवलीस?”

‘जेवलीस’ म्हणाला तो.

“परवा? ...रोज माझ्यासमोर बसून खोटं बोललीस?” त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. “माझ्या बायकोनंही दुखणं असंच लपवलं होतं. मला त्रास नको म्हणून. मला पुन्हा तेच दाखवायचं होतं का तुला?”

मला रडू फुटलं. “मला बरं दिसायचं होतं... तिशीत दिसायचे तशी. तुला दिसायला हवं होतं, मी कशी होते ते.”

तो माझ्या केसांतली वाळू एका बोटानं झटकत राहिला.

“तिशीतल्या त्या बाईला मी ओळखत नाही, तेपाएरू,” तो म्हणाला. “मला जिच्याशी बोलायचं असतं ती एकोणसाठ वर्षांची आहे.”

नंतर त्यानं अंडी उकडली. मी खाल्ली. तो शेवटच्या घासापर्यंत पाहत होता.

त्यानंतर आमचं एकच ताट नसलं, तरी जेवायची वेळ एकच झाली. उतरलेल्यातलं थोडं वजन परत आलं, मग हळूहळू पुन्हा उतरू लागलं. डिसेंबरात मी कठड्याला न धरता चर्चच्या पायऱ्या चढले. मातायोच्या सदऱ्याला खांदे आले.

त्याचा मुलगा रुआ आला. वडिलांना पाहून खूश झाला, पण त्यांचं तिकीट काढूनच आला होता. माझ्या पडवीत जेवायला बसल्यावर म्हणाला, “मावशी, तुमचे फार उपकार झाले. पण तिकडे आम्ही सगळे आहोत. इथे एकटे किती दिवस राहणार ते?”

मातायो खाली मान घालून मासा खात होता. काट्यांकडे एवढं लक्ष कधी देत नसे. जन्मभर मी दुसऱ्यांना विचारत आले, आणखी काय हवं? स्वतःसाठी काही मागायची जीभच नव्हती मला.

“रुआ,” मी म्हणाले, “ते एकटे नाहीत. आणि... मला ते इथे हवेत. माझ्याजवळ.”

रुआ माझ्याकडे पाहतच राहिला. मग वडिलांकडे वळला. “बाबा? तुम्ही काहीच बोलत नाही?”

मातायोनं बोट वर केलं, थांब म्हणून. शांतपणे घास चावला, गिळला, पाणी प्याला.

“तोंडात घास होता,” तो म्हणाला. मग मुलादेखत टेबलावरून हात पुढे करून त्यानं माझा हात धरला. “आता बोलतो. मी येत नाही.”

रुआच्या डोळ्यांत आधी पाणी आलं, मग हसू. मी हात सोडवून घेतला नाही. डाव्या हातानं ताट जवळ ओढलं, आणि दोघांच्या समोर, सावकाश, पोटभर जेवले.