आईकडे निघालेली माती

सांगतो, पण विश्वास ठेवणार नाही तुम्ही. वेंगुर्ल्याचा हा वासुदेव, सत्तरी उलटलेला, हॉलंडचा समुद्र पायी ओलांडायला निघाला होता! ओहोटीला तिथलं पाणी मैलोन्‌मैल मागे सरतं आणि चिखलातून बेटावर जाता येतं.

बेत या समोर बसलेल्या हर्मिनाचा. ग्रोनिंगन शहरातली आमची शेजारीण. तिचा खापरपणजोबा त्या बेटावरून शेती करायला पार दक्षिण अमेरिकेत, सुरिनामला गेला, तो परतलाच नाही. त्याची आई वाट बघत बघतच वारली. हर्मिना सुरिनाममध्ये हिंदुस्तानी शेजाऱ्यांत वाढली, म्हणून माझ्याशी हिंदीत भांडते. तिला त्याच्या शेतातली मूठभर माती त्या आईच्या थडग्यावर ठेवायची होती.

"बोटीने जा की!" मी म्हटलं.

"तो चिखलातून चालत निघाला होता. माती चालतच परत जाईल."

डचांनी आमच्या वेंगुर्ल्यातही वखार बांधली, पण उरल्या नुसत्या भिंती. हिचे लोक मात्र तिकडे रुजले. हट्टासकट!

निघालो. पुढे काठी घेऊन वाटाडी फेम्के. चिखल घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. एक पाय उपसावा, तोवर दुसरा गडप! मग आडवा ओहळ. पाणी छातीला! मातीची पुरचुंडी मी डोक्यावर धरली. पाय सुटले! गेलोच म्हणालो, इतक्यात एका सीलने मला पाठीवर घेतलं आणि...

"आजोबा! सील?" नात आर्या ओरडली. ती माझं मराठी हर्मिनाला डचमध्ये सांगत होती. "हे मी सांगणार नाही हं."

"सांग गं!"

तिने सांगितलं. हर्मिनाने गंभीरपणे मान डोलावली. "होता. मोठा होता."

बघा! तर ओहळाच्या पलीकडे पोचलो. बेटावरचं दीपगृह दिसू लागलं. तेवढ्यात फेम्के थांबली. "भरती लागली. पुढे आणखी एक ओहळ आहे. पळत गेलो तरच जमेल, नाहीतर मागचा ओहळ भरायच्या आत परत फिरायला हवं."

आणि काय सांगू, मी घाबरलो! मटकन खाली बसलो, परत चला म्हणून रडलो. माझ्यापायी हर्मिनाला फिरावं लागलं. "ओहोटीला हेच पाणी बेटाला खेटून जातं," फेम्के हळूच म्हणाली. हर्मिनाने पुरचुंडी सोडली. पाण्यात तांबडी रेघ उमटली, लांबत गेली. आम्ही बघत राहिलो. माझ्या भित्रेपणामुळे बिचारीचं...

आर्याचं सांगून व्हायच्या आत हर्मिनाने कप खाली ठेवला.

"खोटं! मी बसले होते. दम माझा संपला होता. आणि किनाऱ्यापर्यंत माझा हात सोडला नाहीस तू!"