मालकाचा आवाज

"आवाज खाली घे, बिभीषण! मालक कधी ओरडत नसतो!" पंकजा वैतागली.

"ओरडला न्हाई तर लोक घाबरतील कसे?"

"म्हणूनच तर घाबरतील! तो स्वतः कुणाला बोटही लावत नाही. एका जागी बसतो, सगळ्यांच्या आधी सगळा विचार करून ठेवतो आणि हळू बोलतो. बाकीची माणसं त्याच्या शब्दावर हलतात."

"आणि बसल्या बसल्या बिर्याणी खातो," आरती म्हणाली.

"आरती!"

मिरजगावजवळच्या खडकवस्तीवर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघांनी मोबाईलवर नाटक रेकॉर्ड करायला घेतलं होतं. लिहिणारी पंकजा. 'मालक' नावाचा टोळीचा म्होरक्या झाला होता बिभीषण, कारण त्याचा आवाज नुकताच फुटून घोगरा झाला होता. त्याची धाकटी बहीण आरती घुबडापासून बुलेटपर्यंत सगळे आवाज तोंडानं काढायची. मोबाईल पंकजाच्या भागवतकाकांचा.

बिभीषणानं घसा खाकरला. मग अगदी हळू, थंड आवाजात बोलला, "माझी माणसं वस्त्यावस्त्यांवर उतरलीत. खांद्यावर पोतं, तोंडावर हसू. पोर एकटं दिसलं की उचला. मालकाचा हुकूम आहे."

आरती घुबडाचा आवाज काढायचंच विसरली. "दादा, तू लई वंगाळ दिसतोयस!"

दोन दिवसांनी तीच आरती धापा टाकत पंकजाच्या दारात आली. "ताई, दुकानात समद्यांच्या मोबाईलवर दादा बोलतोय!"

तिघं पळाले. दुकानापाशी घोळका जमला होता. एका मोबाईलमधून मालक बोलत होता आणि पडद्यावर लिहिलं होतं: सावधान! पोरं पळवणाऱ्या टोळीच्या म्होरक्याचा फोन पकडला! सगळ्यांना पाठवा!

बिभीषणाची छाती फुगली. "बघ, घाबरले का न्हाई!"

पंकजाला मात्र हसू आलं नाही. सुरुवातीला ती "श्रोतेहो, सादर करत आहोत" म्हणाली होती, तेवढंच कापलेलं होतं. समोरची ज्योतीवहिनी आपल्या पोराला दंडाला धरून ओढत घरात नेत होती. दाराला आतून कडी लागली.

भागवतकाका ओसरीवर बसले होते. पंकजानं विचारताच त्यांनी मान खाली घातली.

"गंमत म्हणून मधला तुकडा पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला. फुडं कुनी काय लिहिलं, मला काय म्हाईत?"

"मग आत्ता सांगा ना सगळ्यांना, हे नाटक आहे म्हणून!"

"येडी हायस का? लोक मला हसतील. नाटक मी पुसून टाकलंय. तू बी गप ऱ्हा. चार दिसांत विसरत्याल."

तेवढ्यात दूध डेअरीच्या बाजूनं आरडाओरडा उठला.

"सापडला! मालकाचा माणूस सापडला!"

डेअरीच्या अंगणात खांबाला एक माणूस बांधला होता. त्याच्या कपाळातून रक्त ओघळून एक डोळा मिटला होता. सायकल आडवी पडली होती, स्टीलची पातेली मातीत चेपली होती. कुणीतरी त्याचं पोतं फाडलं होतं आणि त्यातून बायकांच्या केसांचे गुंतवळ बाहेर आले होते.

"केस बघा! किती पोरींचे असत्याल!"

"मी केसांवर भांडी देतो, दादा," तो माणूस पुटपुटला. "पाथर्डीकडचा हाय. पुंजाराम नाव..."

"भांडी म्हंजी बहाना!" कुणीतरी काठी मारली. पुंजारामचं डोकं खांबावर आपटलं.

पंकजा घोळक्यात घुसली. "थांबा! ते नाटक होतं! आम्हीच केलंय!"

"पोरांनी घरी जायचं!" तिला मागं ढकललं गेलं. ती पुन्हा घुसली, पुन्हा ढकलली गेली. मारणारे सगळे ओळखीचे होते. त्यातल्या एकानं तिला सायकल शिकवली होती.

ती धडपडत बाहेर आली आणि तिची नजर डेअरीच्या छपरावरच्या भोंग्यावर गेली. डेअरीवाले भिमाजी रोज त्यावरून दूध घालायला हाक मारायचे. आत्ता ते स्वतःच घोळक्यात होते आणि खोली उघडी होती.

"बिभीषण, आत चल! मालक होऊन बोल!"

"मला न्हाई जमायचं. माझे पाय बघ कसे लटपटत्यात!"

"पाय भोंग्यातून ऐकू येत नाहीत!"

आत भिमाजींचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. आरतीनं तो उचलून थेट पोलिसांचा ११२ नंबर लावला आणि रडवेल्या आवाजात वस्तीचं नाव सांगितलं. पंकजानं भोंग्याचं बटण दाबलं. बिभीषणानं डोळे मिटले.

"माझी माणसं वस्त्यावस्त्यांवर उतरलीत," भोंगा हळू, थंड आवाजात बोलला.

अंगण गोठलं! उगारलेली काठी तशीच वर राहिली.

"खांद्यावर पोतं, तोंडावर हसू..."

"आला! मालक आला!" माणसं एकमेकांवर आदळत मागं सरली. काठ्या हातातून पडल्या. कुणी तर फाटकाकडं पळत सुटलं!

मग खोलीतून हाफ पँट घातलेला बिभीषण बाहेर आला. हातात माईक, मागं लांबलचक वायर, गालांवर आसवं.

"मालकाचा हुकूम आहे," तो म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. "सोडा त्यांना. मीच हाय तो. नाटकातला."

एवढ्या माणसांत पुंजारामचा घरघरणारा श्वास तेवढा ऐकू येत होता. ज्योतीवहिनी घराची कडी काढून पाणी घेऊन आली. पंकजा दोरीची गाठ सोडवू लागली. आरती मातीतले केस गोळा करून पोत्यात भरत राहिली.

पोलिसांची गाडी आली, मागोमाग रुग्णवाहिका. हवालदारांनी विचारलं, "यामागचा सूत्रधार कोण?"

"मी फक्त फुडं पाठवलं," एक जण म्हणाला.

"मला भावानं पाठवलं. मी सावध करावं म्हनून..."

"मी एकच फटका मारला, साहेब. ते बी समदे मारत हुते म्हनून."

पंकजा एकेक चेहरा बघत होती. नाटक लिहिताना तिला वाटलं होतं, एवढं वाईट घडवायला कुणीतरी फार हुशार माणूस लागत असणार. इथं तसा कुणीच नव्हता.

काठ्या चालवणाऱ्यांना हवालदारांनी गाडीत बसवलं. जाताना हवालदार तिघांकडं वळले. "तुम्ही भोंगा लावला नसता, तर आज मला प्रेताचा पंचनामा करावा लागला असता. शाब्बास!"

दुसऱ्या दिवशी सरपंच मालनबाईंनी तिघांना सगळ्यांसमोर बोलावून पाठीवर हात फिरवला. टाळ्या झाल्या. त्या संपायच्या आत पंकजा भागवतकाकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, दवाखान्यात चला. माझ्याबरोबर."

पुंजारामच्या डोळ्यावर जाड पट्टी होती. बिभीषणाकडं बघून तो ओठांच्या कोपऱ्यातून हसला. "तूच का रं तो? भोंगा वाजला तवा मला वाटलं, आता खराच आला!"



"तुम्ही परत याल ना आमच्या वस्तीवर?" आरतीनं विचारलं.

"न्हाई, बाळा." त्यानं दाराकडं बघितलं. "हे कोन?"

भागवतकाकांनी टोपी काढली, हातात चुरगाळली. "ते... माझ्या मोबाईलवरनं गेलं हुतं."

पुंजारामनं एका डोळ्यानं त्यांच्याकडं बघितलं. मग त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

पंकजानं स्टूल ओढलं आणि त्याच्या उशाशी बसली. काका उभेच राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.